पस्तीस अंशांपर्यंतचा फोन

दोन गोष्टी समोरासमोर उभ्या करून त्यांच्यात झुंज लावायला आपल्या लोकांना फार आवडतं. लता की आशा, गावस्कर की विश्वनाथ, आणि आमच्या लहानपणी बजाज चेतक की एलएमएल व्हेस्पा. या शेवटच्या वादात तर मंडळी हमरीतुमरीवर येत. एलएमएल दिसायला देखणी, चालवायला मऊ, हे चेतकवालेसुद्धा मान्य करत. तरी कामठीत चेतकच जास्त दिसायची. कारण सोपं होतं. चेतक कुठेही बंद पडली तरी कडुनिंबाखाली पाने-पकडी मांडून बसलेला मेकॅनिक ती अर्ध्या तासात चालू करून द्यायचा. एलएमएल बंद पडली की पार्टसाठी नागपूर गाठावं लागे. म्हणजे स्कूटर निवडताना लोक शोरूमचा विचार करतच नव्हते, बंद पडण्याच्या दिवसाचा करत होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. पोरगा घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवण्याच्या कामावर आहे. २०२५ च्या दिवाळीआधी बोनसचा हिशेब मांडून तो घरी आला आणि म्हणाला, "मामाजी, या वेळी मस्त फोन घेतो म्हणतो. गॅलेक्सी घेऊ का पिक्सेल?"

त्याच्या यादीत दोनच नावं होती. एक सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५, जानेवारी २०२५ मध्ये आलेला. दुसरा गूगलचा पिक्सेल १०, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला. बाजारात आले तेव्हा दोघांची किंमत जवळपास सारखी होती. २५६ जीबीचा गॅलेक्सी ८०,९९९ रुपयांना आणि तेवढ्याच जागेचा पिक्सेल ७९,९९९ रुपयांना. हजार रुपयांचा फरक. एवढ्या पैशांत आमच्या काळी चार चेतक आल्या असत्या (हे वाक्य म्हणण्याचं आता माझं वय झालंय, चालवून घ्या).

आता कागदावर बघाल तर दोघांत उन्नीस-वीसचा फरक. रॅम दोघांनाही १२ जीबी. गॅलेक्सी १६२ ग्रॅमचा, म्हणजे हातात हलका. पिक्सेल २०४ ग्रॅमचा, पण त्याची बॅटरी ४,९७० एमएएचची, तर गॅलेक्सीची ४,०००. पिक्सेलचा लांबचा कॅमेरा पाच पट झूमचा, गॅलेक्सीचा तीन पट. प्रोसेसर गॅलेक्सीचा जास्त दणकट. आणि दोघांनीही सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलेलं. भाच्याने हे सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. दहावीला इतकं पाठ केलं असतं तर... असो.

मी त्याला विचारलं, "यात कामठी कुठे आहे?"

तो म्हणाला, "म्हणजे?"

म्हणजे असं की या दोन्ही कंपन्या आपल्या सूचनांमध्ये एक ओळ लिहितात, जी कोणी वाचत नाही. फोन वापरण्यासाठी योग्य तापमान शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस. पस्तीस! आपल्याकडे मार्चच्या मध्यावरच पारा पस्तिशी ओलांडतो आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारचा खाली येत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे २०२४ मध्ये तर नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण गंमत बघा, तो आकडा ऐकून इथे कोणी फारसं दचकलं नाही! नवतपा लागला की डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडणारी माणसं आपण. आता एका खिशात कांदा आणि दुसऱ्यात ऐंशी हजारांचा फोन. कांद्याचं काही बिघडत नाही, प्रश्न फोनचा आहे.

फोनला स्वतःचा पंखा नसतो. आतल्या चिपची उष्णता अंगावर पसरवायची आणि अंगावरून ती हवेत सोडायची, एवढंच त्याच्या हातात असतं. ही पसरवण्याची सोय म्हणून व्हेपर चेंबर नावाची एक चपटी, पातळ धातूची पोकळ पट्टी असते. तिच्या आतलं थेंबभर पाणी गरम बाजूला वाफ होतं, थंड बाजूला परत पाणी होतं आणि जाता-येता उष्णता वाहून नेतं. गॅलेक्सी एस२५ मध्ये ती आहे. साध्या पिक्सेल १० मध्ये नाही, त्याच्या महागड्या प्रो भावंडांत आहे. हा फरक खराच, पण त्यावर फार उड्या मारण्यात अर्थ नाही. हवाच चव्वेचाळीस अंशांची असेल तर वाफेने उष्णता नेऊन टाकायची कुठे? पावसाळ्यात डेझर्ट कूलरचं जे होतं तेच. पाणी भरलेलं, पंखा फिरतोय, वाळा ओला आहे, आणि खोलीतला माणूस घामाने चिंब. यंत्रात दोष काही नाही, बाहेरची हवाच त्याला साथ देत नाही.

मग फोन काय करतो? स्वतःला वाचवतो. आधी पडद्याचा उजेड कमी करतो, नेमका उन्हात उजेड हवा असतो तेव्हा. मग चिपचा वेग उतरवतो. मग चार्जिंग थांबवतो. शेवटी कॅमेरा बंद करतो. माझ्या स्वतःच्या जुन्या फोनने (कंपनीचं नाव घेत नाही, तिचीच एकटीची ही खोड नव्हे) मे महिन्यात कामठी रोडवर ऐन दुपारी नकाशा काळा करून "फोन थंड होऊ द्या" असा सल्ला दिला होता. कुठे थंड करणार? कन्हानच्या डोहात?

फोनची परीक्षणं लिहिणारी मंडळी बिचारी एसीच्या खोलीत बसून लिहितात. पडदा तीन हजार निट्सचा आहे की सव्वीसशे, हे ती मोजतात. ती चुकीचं काही सांगत नाहीत. पण दुपारी दोन वाजता गच्चीवर, चटके देणाऱ्या पॅनेलशेजारी उभा राहून फोटो पाठवणाऱ्या पोराच्या हातात त्यातलं किती उरतं, हे त्या कोष्टकात नसतं. त्या क्षणी दोन्ही पडदे मंदच झालेले असतात.

आता त्या सात वर्षांचा हिशेब करू, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. ८०,९९९ रुपये आणि फोन सात वर्षं टिकला, तर महिन्याला साधारण ९६४ रुपये पडले. तीनच वर्षांत टाकावा लागला तर २,२५० रुपये. वरकड पैसे कॅमेऱ्याने खाल्ले नाहीत, प्रोसेसरने खाल्ले नाहीत, ते टिकाऊपणाने खाल्ले. आणि टिकण्यात सगळ्यात कच्चा गडी म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. त्यात ती शंभर टक्के भरलेली असेल तर आणखीच लवकर. रात्रभर चार्जरला लावून सकाळी भरला फोन घेऊन उन्हात जायचं, ही आपली रीत म्हणजे तिला दोन्हीकडून मारणं. दोन्ही कंपन्यांनी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय दिली आहे. ती वापरावी.

इथे दोन्ही कंपन्यांचा पूर्वेतिहासही बघायला हवा. सॅमसंगला २०१६ मध्ये बॅटरी पेट घेते म्हणून आख्खा नोट ७ परत बोलवावा लागला, आणि २०२२ मध्ये गेम व अ‍ॅप गुपचूप हळू करते म्हणून ती चांगलीच बोलणी खाऊन बसली. गूगलने जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए च्या काही फोनांवर सक्तीचं अपडेट पाठवलं. बॅटरी तापण्याचा धोका कमी करण्यासाठी ४०० वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमताच कमी केली. आणि आता नव्या पिक्सेलांत बॅटरी २०० वेळा चार्ज झाली की तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात होते, १,००० वेळांपर्यंत ती चालू राहते. ही सोय बंद करायचा खटका नाही. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर दोनशे म्हणजे सात महिने. सुरक्षेसाठी ते शहाणपणाचं असेलही, पण विकत घेताना दिसलेले ४,९७० एमएएच सात वर्षं तसेच राहणार नाहीत एवढं नक्की. गॅलेक्सीची बॅटरी मुळातच लहान, ती दिवसातून दोनदा मागेल, म्हणजे तीही लवकर झिजेल. तात्पर्य काय, कोणताही घ्या, सात वर्षांत बॅटरी एकदा, बहुधा दोनदा बदलावी लागणार.

म्हणजे आपण पुन्हा कडुनिंबाखाली येऊन पोहोचलो.

बॅटरी बदलेल कोण? कुठे? किती दिवसांत? आमच्या कामठीत छावणी १८२१ ची, गोरा बाजार आहे, हातमागाची परंपरा आहे, 'जय भीम' हा शब्द देणाऱ्या बाबू हरदासांचं हे गाव आहे. पण महागड्या फोनचं पोट उघडायचं असेल तर नागपूरलाच जायचं. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गाडी, तिथून मेट्रोने बर्डी. तेही चालेल, पण फोन तिथे ठेवून घेऊन पुढे मुंबईला की आणखी कुठे पाठवणार असतील तर आठ-दहा दिवस माणूस मुका. ज्याचं काम फोनवर चालतं त्याची तेवढ्या दिवसांची मजुरी त्या दुरुस्तीच्या बिलात धरली पाहिजे. सॅमसंगचं दुरुस्तीचं जाळं गूगलपेक्षा देशात कितीतरी जुनं आणि मोठं आहे. ज्या फोनांचा खप जास्त, त्यांचे सुटे भागही जास्त आणि ते उघडायला सरावलेले हातही जास्त. हा चेतकचाच नियम आहे.

मराठीचं काय, असं कोणीतरी विचारेलच. जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ बरोबर फोनवरच्या संभाषणाचं भाषांतर वगैरे गाजावाजाने आलं, तेव्हा तेरा भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. गूगलने बोलून टाइप करायची सोय मराठीला २०१७ मध्ये दिली आणि जेमिनी अ‍ॅप जून २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हा त्याच्या नऊ भारतीय भाषांत मराठीही होती. इथे गूगलला पैकीच्या पैकी. पण गंमत अशी की गूगलचा कळफलक आणि जेमिनी दोन्ही गॅलेक्सीवरही चालतात. त्यामुळे मराठीसाठी पिक्सेलच घ्यायला हवा असं नाही.

"मग पंचवीस-तीस हजारांचाच घेऊ ना," भाचा म्हणाला. मला हा प्रश्न आवडला, कारण इतक्या वेळात किंमत त्याला पहिल्यांदाच दिसली. ज्याला फोन रोज उन्हात वापरायचा आहे आणि पडायची-आपटायची भीती आहे, त्याने तसं करण्यात काहीही कमीपणा नाही. पण त्या फोनला किती वर्षं अपडेट मिळणार हे आधी बघावं. तीन वर्षांत तो बाद झाला तर सात वर्षांत असे दोन-तीन घ्यावे लागतील आणि पैसे तेवढेच जातील. फरक एवढाच की ते एकदम जाणार नाहीत आणि हप्त्याचं जोखड मानेवर राहणार नाही. त्याच्या मनात मात्र चांगल्या कॅमेऱ्याची हौस होती. बोनस त्याचा आहे. हौसेला मोल नसतं, पण हप्ता असतो! ८०,९९९ चे चोवीस हप्ते म्हणजे महिन्याला ३,३७५ रुपये. हा आकडा एकदा तोंडाने म्हणून बघ, एवढंच मी त्याला सांगितलं.

माझं मत विचाराल तर, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, ऑफिसात बसणाऱ्या माणसाला मी म्हणेन पिक्सेल घे. कॅमेरा सुरेख, बॅटरी मोठी, सॉफ्टवेअर नीटनेटकं. कामठीच्या माणसाला, त्यातून गच्चीवर काम करणाऱ्याला, मी गॅलेक्सी सांगेन. बॅटरी लहान असूनही. तिची उणीव चारेक हजारांच्या आतल्या पॉवर बँकेने भरून निघते. दुरुस्तीवाला जवळ नसण्याची उणीव कशानेच भरून निघत नाही.

आणि माझ्या मतावर जाऊ नका, एक परीक्षा करा. दुकानात जाण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या नागपुरातल्या दुरुस्ती केंद्रांचा पत्ता काढा आणि हातात फोन नसतानाच तिथे जा. तीन प्रश्न विचारा. या फोनची बॅटरी बदलायला किती पैसे? स्क्रीन फुटली तर किती? आणि फोन संध्याकाळी परत मिळेल की पुढच्या आठवड्यात? उत्तरं कागदावर लिहून आणा. ज्याचं केंद्रच सापडणार नाही, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. दुकानातला पोरगा तुम्हाला कॅमेऱ्याने चंद्र दाखवेल, पण या तीन प्रश्नांची उत्तरं दाखवणार नाही.

भाचा अजून त्या केंद्रांच्या चकरा मारतोय. पहिल्या ठिकाणचा कागद त्याने मला दाखवला, आकडे नीट लिहिलेले होते. दुसऱ्याचा यायचाय. त्याला घाई नाही, मलाही नाही. उन्हाळा तर दरवर्षी येणारच आहे.