रोगाची वर्दी

साथीचा रोग दिसला कीं त्याची वर्दी सरकारांत गेली पाहिजे, हा नियम आजचा नव्हे. गांवांत पटकीचा रोगी पडला तर पाटलानें तालुक्यास कळवावें आणि तालुक्यानें जिल्ह्यास, ही वहिवाट आमच्या पणजोबांच्या काळींही होती. मात्र कागद कचेरींत पोंचेपर्यंत पटकी पुढच्या गांवीं गेलेली असे. हल्लीं तीच वर्दी आरोग्यसेविकेच्या मोबाईलवरून निघते, आणि जिल्ह्यास व दिल्लीस जवळजवळ एकाच वेळीं दिसते. हा फरक लहान नाहीं. तथापि या सोयीचें कौतुक करतांना तिच्यांतील एक उणीव वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण ती भरून काढणें बऱ्याच अंशीं आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांच्याच हातीं आहे.

आधीं व्यवस्था कशी आहे तें पाहूं. नोव्हेंबर 2004 मध्यें भारत सरकारनें एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्र त्याच्या पहिल्याच टप्प्यांत होता. त्याचे तक्ते तीन. ताप, जुलाब, कावीळ अशीं नुसतीं लक्षणें पाहून आरोग्यसेविकेनें भरावयाचा पहिला; डॉक्टरांनीं आपल्या निदानावरून भरावयाचा दुसरा; आणि प्रयोगशाळेनें रक्त वा थुंकी तपासून भरावयाचा तिसरा. हे तक्ते आठवड्यांतून एकदां वर जात. 5 एप्रिल 2021 रोजीं नवी संगणकीय योजना देशभर लागू झाली, आठवड्याच्या जागीं रोजचा दिवस आला, आणि रोगांची यादी 18 वरून 33 वर गेली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आतां रोग्याच्या गांवाचा ठिपका नकाशावर उमटतो.

या ठिपक्याचें मोल खानदेशांतील मुक्ताईनगरासारख्या ठिकाणीं चटकन् कळतें. वृद्ध मंडळी अजून एदलाबादच म्हणतात तें हें गांव सुरत-नागपूर हमरस्त्यावर वसलेलें आहे; मध्यप्रदेशाची हद्द जवळ, आणि खालीं तापी-पूर्णेचा संगम. समजा, या तालुक्यांतील एकाच खेड्यांत तिघांस कावीळ झाली. अंतुर्लीच्या बाजूचा मनुष्य बऱ्हाणपुरास जाण्याचा संभव अधिक. दुसरा भुसावळच्या डॉक्टरांकडे जाईल. तिसऱ्याचा मुलगा जळगांवीं नोकरीस, म्हणून तो जळगांवीं. तिन्ही डॉक्टर आपापल्या परी हुशार; पण प्रत्येकास कावीळ दिसते ती एकच, आणि एका काविळीवरून विहिरीचा संशय कोणास येणार? तीन कागद एका गांवाच्या नांवाखालीं एकत्र येतील तरच विहीर पकडली जाईल. त्यांतून येथून आईसाहेबांची पालखी निघते. मलकापूर, बुलढाणा, जालना, बीड असा महिन्याहून अधिक दिवसांचा पायीं प्रवास करून ती पंढरपुरास पोंचते. अशा वारकऱ्यास जालन्यांत जुलाब लागले तर त्याचें बीज कोणत्या मुक्कामाच्या पाण्यांत होतें हें शोधणें किती कठीण! 2020 सालीं कोरोनामुळें ही पालखी मोजक्या मंडळींनिशीं एस.टी.नें न्यावी लागली होती, हें वाचकांस स्मरत असेलच.

वेगवेगळ्या दवाखान्यांतील नोंदी एकत्र आल्यानें काय होतें याचें ताजें उदाहरण पुण्याचें आहे. जानेवारी 2025 मध्यें ‘जीबीएस’ या नांवानें गाजलेल्या विकाराचे रोगी तेथें एकाएकीं वाढले. हातापायांचें बळ नाहींसें करणारा हा विकार स्वतः संसर्गजन्य नाहीं, परंतु पोटांतील संसर्गामागून तो येऊं शकतो. रोगी निरनिराळ्या इस्पितळांत विखुरलेले होते. याद्या जुळविल्या तेव्हां त्यांतील पुष्कळसे नांदेडगांव, किरकटवाडी, धायरी या एकाच बाजूचे निघाले, आणि लक्ष पाण्याकडे गेलें.

येथें शून्याविषयीं दोन शब्द. पोलिओच्या मोहिमेंत रोगी नसला तरी ‘एकही नाहीं’ असें दर आठवड्यास कळवावें लागे, व अजूनही लागतें. निरुद्योगी कारकुनाचा हा खटाटोप आहे असें कोणास वाटेल. पण कळविलेलें शून्य आणि कोरी जागा यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. 13 जानेवारी 2011 नंतर देशांत त्या रोगाचा एकही नैसर्गिक रोगी सांपडला नाहीं. 27 मार्च 2014 रोजीं पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, तो अशा असंख्य शून्यांच्या बळावर.

आतां त्या उणिवेकडे वळूं. आरोग्यसेविका ज्या घरीं जाते तेथील ताप नोंदला जातो. आपल्या घरचा ताप मात्र घरच्या डॉक्टरांकडे जातो, आणि बहुधा तेथेंच राहतो. डॉक्टर कामांत बुडालेले. शिवाय कळवूं नये अशी घरच्यांचीही इच्छा असतेच. या इच्छेस इतिहास आहे. फेब्रुवारी 1897 मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगसाठीं गोऱ्या सोजिरांनीं घरोघर झडत्या घेतल्या. वर्दी म्हणजे बेअब्रू, हें समीकरण तेव्हां जें मनांत बसलें तें बसलेंच. मार्च 2020 मध्यें घरीं विलग राहणारांच्या हातांवर शाईचे शिक्के उठले तेव्हां तेंच भय पुन्हां जागें झालें. लोकांनीं मनमोकळेपणानें सांगावें असें वाटत असेल, तर रोग्याचें नांव चव्हाट्यावर येणार नाहीं याची हमी सरकारनें आधीं दिली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच, कळविणाऱ्या डॉक्टरास ‘आपल्या वर्दीवरून अमुक केलें’ असें दोन ओळींचें उत्तरही मिळावें.

परंतु लपवालपवीचा सर्वांत मोठा दंड एकत्र कुटुंबासच भरावा लागतो. क्षयाचेंच पाहा. 7 मे 2012 पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद करणें डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्याच वर्षीं ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही निघाली. 2018 पासून औषधविक्रेत्यांवरही तें बंधन आलें. नोंद झालेल्या रोग्यास औषधें मोफत मिळतात, आहारासाठीं नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये मिळतात. पण याहून मोठा लाभ असा कीं, घरांतील इतर माणसांची तपासणी होते आणि जरूर त्यांस प्रतिबंधक औषध दिलें जातें. मुलीचें लग्न ठरावयाचें आहे म्हणून काकूंचा खोकला ‘सर्दीचा’ ठरविला, तर त्याच माजघरांत निजणाऱ्या पांच नातवंडांची तपासणी कोण करणार?

म्हणून डॉक्टरांस औषध विचारतां विचारतां ‘याची नोंद केलीत ना?’ हेंही विचारावें. त्यांत त्यांचा अपमान नाहीं. आणि दवाखान्यांत पत्ता लिहवितांना पुष्कळ वडीलधारीं माणसें शहरांतील चिरंजिवांचा पत्ता देतात, तसें न करतां ताप येण्यापूर्वींचे आठपंधरा दिवस आपण ज्या गांवीं होतों, जेथलें पाणी प्यालों, त्या गांवाचें नांव सांगावें. वारीहून परतलेल्यांनीं मुक्कामांचीं गांवें सांगावीं. काविळीचें बीज शरीरांत शिरल्यापासून डोळे पिवळे होईतों महिनाभर लोटूं शकतो; तेवढ्या अवधींत कोठें कोठें जेवलों हें सासूबाईंपेक्षां सूनबाईंच्या ध्यानांत अधिक असतें, तेव्हां दवाखान्यांत तिलाही बरोबर न्यावें.