‘सर, आयसी जळाला!’

सबमिशनच्या आठवड्यात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये जाऊन उभे राहा. दहा मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर पडेल : “सर, आयसी जळाला!” बोर्ड चालू होत नाही, प्रोग्रॅम लोड होत नाही, की झालं आमचं निदान. नाडीसुद्धा न बघता डॉक्टरने पेशंट गेला म्हणून सांगावं, तसला प्रकार!

हे वाक्य मीही बोललोय. एकदा नाही, तीनदा. म्हणूनच या विषयावर लिहायचा थोडाफार अधिकार आपल्याला आहे असं समजतो.

टी.ई.ला आमचा मिनी प्रोजेक्ट होता. टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा साधा बोर्ड. त्यात एटी८९एस५२, म्हणजे इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ च्याच खानदानातला आयसी. सर्किट मी काढलं, प्रोग्रॅम मी लिहिला आणि सोल्डरिंग पार्टनरने केलं. कॉम्प्युटरवर ‘व्हेरिफाय ओके’ आलं. बोर्ड मात्र ढिम्म! मधेच बोट जवळ नेलं की एलईडी लुकलुकायचा, हात काढला की पुन्हा शांत. मी लगेच निकाल देऊन टाकला, सोल्डरिंग ड्राय आहे. तेही चार पोरांच्या देखत, चढ्या आवाजात.

पार्टनर काही बोलला नाही. रात्री होस्टेलवर बसून त्याने चाळीसच्या चाळीस पिना परत सोल्डर केल्या. दुसऱ्या दिवशी बोर्ड तसाच. मग काय, ‘आयसी जळाला’. तपकीर गल्लीत जाऊन नवा आणला. तोही ‘जळाला’. मग तिसरा. तोही गेला!

चौथ्या दिवशी लॅबमधले मामा आमच्या टेबलापाशी थांबले. चष्मा वर करून बोर्ड उलटसुलट बघितला आणि विचारलं, “काय रे, एकतीस नंबरची पिन कुठं गेलीय?”

कुठेच गेली नव्हती. ती ईए पिन. ती पाच व्होल्टला जोडली तर आयसी आपल्या पोटातला प्रोग्रॅम चालवतो, ग्राउंडला जोडली तर बाहेरच्या मेमरीत प्रोग्रॅम शोधायला जातो. आमची पिन अधांतरी. म्हणजे प्रोग्रॅम आत सुखरूप बसलेला, आणि आयसी मात्र बाहेर दारोदार फिरतोय, अशी अवस्था. एक वायर जोडली आणि बोर्ड चालू झाला. ते तिन्ही ‘जळालेले’ आयसीसुद्धा एकामागून एक लावून बघितले. तिन्ही ठणठणीत!

आणि ती पिन सोडली होती कोणी? सर्किट कोणी काढलं होतं? मी. पार्टनरचं सोल्डरिंग पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. त्याला सॉरी म्हणायला मला आणखी दोन दिवस लागले.

आता खरी गंमत. आमच्या जर्नलमध्ये या चार दिवसांबद्दल काय लिहिलंय? ‘सर्किट जोडून तपासले. आउटपुट अपेक्षेप्रमाणे मिळाले.’ बस्स. सही, शिक्का, मार्क. त्या सबंध सेमिस्टरमध्ये मी जे एकमेव खरं इंजिनिअरिंग शिकलो, त्याला जर्नलमध्ये एक ओळसुद्धा जागा नव्हती.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान ‘काय बिघडलं होतं’ या नावाचं असावं, आणि पंचवीसपैकी पाच मार्क त्याच पानाला असावेत.

त्या पानावर काय लिहायचं? रडगाणं नाही, मोजमाप. ८०५१ चंच घ्या. आधी पॉवर. तीही सप्लायवर नाही, थेट आयसीच्या ४० आणि २० नंबरच्या पिनांमध्ये मोजायची. ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त इनपुट लागतं, त्यामुळे सहा व्होल्टच्या अडॅप्टरवर ‘पाच व्होल्ट आहेतच की’ म्हणणं व्यर्थ. मग रीसेट. ९ नंबरची पिन सुरुवातीला क्षणभर हाय होऊन खाली आली पाहिजे. वरच राहिली तर आयसी जन्मभर रीसेटमध्ये. मग क्लॉक. इथे क्रिस्टलच्या पायावर सीआरओचा प्रोब टेकवू नका, प्रोबच्या कपॅसिटन्सनेच ऑसिलेटर बंद पडू शकतो. त्याऐवजी ३० नंबरची एएलई पिन बघा. तिथे क्रिस्टलच्या एक षष्ठांश फ्रिक्वेन्सी मिळते. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर १.८४३२. मग ३१ नंबर. मग प्रोग्रॅमरच्या वायरी. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, आयसीवर संशय! एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. आम्ही एकदम तीन-तीन गोष्टी बदलत होतो, म्हणून चार दिवस गेले.

कोणी म्हणेल, ८०५१ चा जमाना गेला, आता रेडिमेड बोर्ड मिळतात. बरं, मग अर्डुइनो उनोवर स्केच अपलोड होत नाही म्हणून बोर्ड फेकायला निघालेले कितीजण बघितलेत? कधी यूएसबी केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या वायरीच नसतात. कधी ० आणि १ नंबरच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल लावून ठेवलेलं असतं, आणि अपलोडही त्याच पिनांवरून होतं. अनेक ईएसपी३२ बोर्डांवर जीपीआयओ १२ ला पुल-अप लावला, तर बोर्ड सुरू होताना फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देतो आणि बूटच होत नाही. एटीमेगाचे फ्यूज बिट्स चुकून बाहेरच्या क्लॉकवर टाकले की प्रोग्रॅमर त्याला ओळखत नाही. बाहेरून क्लॉक दिला की तोच ‘मेलेला’ आयसी उठून बसतो. बोर्ड बदलले, आपली घाई तीच आहे.

आणखी एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय : “पोरं बिघाडसुद्धा कॉपी करतील.” करतील की! पण आउटपुट कॉपी करणं सोपं असतं, बिघाड कॉपी करणं अवघड. एक्स्टर्नलने फक्त विचारायचं, “त्या पिनवर किती व्होल्ट मिळाले? मग पुढे काय बघितलंस?” ज्याने मोजलंय तो सांगेल. ज्याने नाही मोजलं तो छताकडे बघेल. व्हायवाला याहून सोपी चाळणी कोणती?

वेळ नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बिघाड शोधत बसलं तर दहाच्या दहा प्रयोग होत नाहीत. मग आठ करूया. न चाललेले दोन नीट समजले, तर चाललेल्या दहांपेक्षा जास्त हाती लागेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कारण ‘आयसी जळाला’ म्हटलं की थोडे पैसे जातात, ते परवडतं. पण त्याच क्षणी विचार थांबतो, आणि मग दोष आयसीचा नाही तर शेजारच्याचा, एवढंच सुचतं. ते परवडत नाही. मला परवडलं, कारण पार्टनर भला होता आणि मामांनी वेळेवर विचारलं.

तेव्हा पुढच्या वेळी बोर्ड ढिम्म राहिला, तर तोंड उघडण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. आणि मोजायला सुरुवात आपण स्वतः केलेल्या कामापासून करा!