धोरण खुले, आकाश बंद

हौशी वैमानिकांच्या मेळाव्यांना राष्ट्रीय धोरणाने २०२२ मध्येच मान्यता दिली. राजधानीच्या परिसरात मात्र त्यांना ‘हो’ म्हणणारे टेबल अजून सापडत नाही.

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिन जवळ आला की दिल्ली पोलिसांचा एक आदेश ठरल्याप्रमाणे निघतो. पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट, गरम हवेचे फुगे, ड्रोन आणि लहान आकाराची इंजिनवर चालणारी विमाने राजधानीच्या आकाशात उडवण्यास त्याद्वारे मनाई होते. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्याच्या आवश्यकतेविषयी वाद नाही. परंतु त्याची मुदत संपल्यानंतरही आकाशात काहीच बदलत नाही, कारण लहान विमान वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही दिल्लीवर दिसत नाही. जे मुळात उडतच नाही, त्यावर आपण वर्षातून दोनदा बंदी घालतो.

हे नेहमी असेच नव्हते. १९२८ च्या सुमारास तत्कालीन सरकारने दिल्ली, मुंबई, कराची आणि कलकत्ता येथील फ्लाइंग क्लबांना अनुदान देऊन हौशी विमानोड्डाणाचा पाया घातला. दिल्लीच्या क्लबचे घर म्हणजे विलिंग्डन एअरफील्ड, आजचे सफदरजंग. प्रवासी वाहतूक १९६२ मध्ये पालमला गेली, तरी सफदरजंगवर क्लबची विमाने आणि ग्लायडर उडत राहिली. जून १९८० मध्ये संजय गांधी यांचा अपघाती मृत्यू झाला, तो याच धावपट्टीवरून उडालेल्या विमानात. त्यानंतरही तेथील उड्डाणे चालूच होती. २००१ मध्ये अमेरिकेत आणि आपल्या संसदेवर हल्ले झाले आणि त्यानंतर शहराच्या मध्यावरील ही उड्डाणे सुरक्षेच्या कारणास्तव थांबली. आज तेथे प्रामुख्याने अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची हेलिकॉप्टरे उतरतात. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे राजीव गांधी भवन याच विमानतळाच्या आवारात आहे आणि महासंचालनालयाचे कार्यालय समोरच आहे. देशाच्या उड्डाणविषयक फाइली जेथे फिरतात, त्या खिडक्यांबाहेरची धावपट्टी बहुतेक वेळ रिकामी असते.

प्रश्न एका धावपट्टीपुरता असता तर तो स्मरणरंजनाचा विषय ठरला असता. प्रत्यक्षात तो एका संस्थेचा आहे. ‘फ्लाय-इन’ म्हणजे लहान विमानांच्या वैमानिकांचा मेळावा. सुटीच्या दिवशी आसपासच्या धावपट्ट्यांवरून दोन-चार आसनी विमाने एका ठिकाणी उतरतात. यंत्रे उघडून पाहिली जातात, अनुभवी वैमानिक नवख्यांच्या चुका दाखवतात, गावातली मुले पंखाला हात लावून पाहतात आणि दुपारनंतर सारे परततात. अमेरिकेत अशा फेरीला वैमानिक गमतीने ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात, कारण खाण्यापेक्षा तेथवर जाण्याचे इंधनच महाग पडते. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉशचा जगप्रसिद्ध मेळावा १९५३ मध्ये मिलवॉकी येथे अशाच घरगुती स्वरूपात सुरू झाला. आज त्या एका आठवड्यात सुमारे दहा हजार विमाने त्या परिसरात उतरतात. आपल्याकडे बंगळुरूचे ‘एरो इंडिया’ आणि हैदराबादचे ‘विंग्ज इंडिया’ आहेत. पण ती खरेदी-विक्रीची आणि शक्तिप्रदर्शनाची व्यासपीठे आहेत. स्वतःचे विमान चालवत येणाऱ्या सामान्य वैमानिकाला तेथे यजमानाचा मान नसतो.

अशा सहवासाचे मोल काय, हे आपल्याच इतिहासातील एका प्रसंगातून कळते. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये त्यासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पारितोषिक अस्पीला मिळाले आणि पुढे तेच भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दिवसांचे क्लब श्रीमंतांचे होते हे खरे. तथापि त्या क्लबांत उडायला शिकलेले तरुणच दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या कामी आले.

धोरणाच्या पातळीवर आपण हे ओळखले नाही असे मुळीच नाही. ७ जून २०२२ रोजी केंद्राने ‘राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण’ जाहीर केले. हौशी बनावटीची व प्रायोगिक विमाने, जुनी ऐतिहासिक विमाने, ग्लायडिंग, मायक्रोलाइट, बलूनिंग, स्कायडायव्हिंग हे सारे त्याच्या कक्षेत आहे. सर्वोच्च महासंघापासून खालपर्यंत अशी चार स्तरांची रचना त्यात सुचवली आहे. युरोपात कडाक्याची थंडी असताना तेथील हौशी मंडळींना भारतात आणावे, असाही विचार त्यात आहे. या क्षेत्राची वार्षिक उलाढाल ८० ते १०० कोटी रुपयांच्या आसपास असल्याचा अंदाज देऊन ती ८ ते १० हजार कोटींवर नेण्याची आणि एक लाखाहून अधिक थेट रोजगार निर्माण करण्याची आकांक्षा धोरणाने व्यक्त केली. शंभरपट वाढीचे स्वप्न पाहणाऱ्या दस्तऐवजाने परवानगीचा रस्ताही तेवढाच रुंद करायला हवा होता. येथेच गाडी अडते.

भारतात लहान विमानाने एका धावपट्टीवरून दुसरीकडे जायचे तर उड्डाण आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो आणि उड्डाण माहिती केंद्राचाही क्रमांक लागतो. एका विमानासाठी ही पद्धत रुळलेली आहे. पंधरा विमाने एकाच सकाळी एकत्र यायची म्हटले की ती अपुरी पडते. धावपट्टीचा मालक एक, तिचा वापरकर्ता दुसरा, गर्दीची जबाबदारी तिसऱ्याची, अग्निशमन चौथ्याचे आणि हवाई क्षेत्र पाचव्याचे. नकार देण्याचा अधिकार यांतील प्रत्येकाला आहे; होकार देण्याचे कर्तव्य कोणाचेच नाही.

हे मी तक्रारदार म्हणून लिहीत नाही. माझाही त्यात वाटा आहे. नव्वदच्या दशकात मी उत्तर भारतातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. काही निवृत्त हवाई दल अधिकारी आणि क्लबचे वैमानिक एक प्रस्ताव घेऊन आले. जिल्ह्यात वापराविना पडलेली धावपट्टी होती. फेब्रुवारीतील एका रविवारी तेथे दहा-बारा लहान विमाने उतरवायची आणि शाळेच्या मुलांना ती दाखवायची, एवढेच त्यांचे मागणे होते. मी फाइलवर लिहिले, ‘संबंधितांचे अभिप्राय घ्यावेत.’ शेवटचा अभिप्राय एप्रिलमध्ये आला. कोणीही नकार दिला नव्हता आणि माझ्या शेऱ्यात नियमबाह्य असे काही नव्हते. ती मंडळी पुन्हा कधी आली नाहीत. सेवेत असताना या प्रसंगाची मला आठवणही झाली नाही. निवृत्तीनंतर हवाई क्रीडा धोरण वाचताना ती फाइल डोळ्यांपुढे आली.

सुरक्षेची चिंता काल्पनिक नाही. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली, हे माझ्या पिढीतील कोणताही प्रशासक विसरणार नाही. राष्ट्रपती भवन, संसद आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, हे सारे दिल्लीत एकमेकांच्या जवळ आहे. म्हणून सफदरजंग पुन्हा खुले करा, असे मी म्हणणार नाही. मात्र सुरक्षा आणि संपूर्ण बंदी यांना समानार्थी मानणे चूक आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर वॉशिंग्टनभोवती सुमारे ३० सागरी मैलांचे विशेष नियंत्रित क्षेत्र आखले गेले. त्याच्या आतील गाभ्यात मेरीलँडमधील तीन छोटी विमानतळे येत होती. त्यांपैकी कॉलेज पार्क १९०९ पासूनचे, राइट बंधूंच्या काळातले. सुरुवातीला तेथील उड्डाणे थांबली. पण काही महिन्यांतच पर्याय शोधला गेला. वैमानिकांची पार्श्वभूमी तपासली, बोटांचे ठसे घेतले, प्रत्येकाला गोपनीय क्रमांक दिला आणि उड्डाणे पुन्हा सुरू झाली. त्या तिघांपैकी एक विमानतळ २०२२ मध्ये बंद झाले. कॉलेज पार्क आजही चालू आहे. यातील प्रशासकीय तत्त्व साधे आहे. ज्याचे नाव, चेहरा, विमान आणि सवयी ठाऊक आहेत, तो वैमानिक अनोळखी वैमानिकापेक्षा कमी धोकादायक असतो. मेळावा ही ओळख आपोआप घडवतो. धावपट्टीवर परके विमान उतरले तर ते सर्वांत आधी खटकते, ते रोज तेथे उडणाऱ्यांनाच.

दूर कशाला जायचे, हे आपण ड्रोनच्या बाबतीत करून दाखवले आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणि शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. महिन्याभरात देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा आणि लाल असा नकाशा जाहीर झाला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही. विनावैमानिक यंत्राला एवढा विश्वास मिळतो. मग ज्यात परवानाधारक माणूस बसला आहे, ज्याची वैद्यकीय तपासणी आणि नोंदणी झाली आहे, त्या विमानाच्या मेळाव्याला सुटसुटीत नियम का मिळू नयेत?

जागेची उणीव नाही. दिल्लीच्या गाभ्यापासून साधारण दोन-तीन तासांच्या अंतरावर, पण राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच, हरियाणात करनाल, भिवानी आणि नारनौलजवळचे बाछोद येथे धावपट्ट्या आहेत. उत्तर प्रदेशात मेरठजवळ परतापूर आहे. लहान पिस्टन इंजिनांना लागणारे ‘एव्हगॅस’ पूर्वी आयात करावे लागे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशातच आणले. जेवरच्या नव्या विमानतळामुळे या भागातील हवाई क्षेत्राची आखणी नव्याने करणे अपरिहार्य आहे. मोठ्या विमानांचे मार्ग ठरवतानाच लहान विमानांसाठी एखादी मार्गिका राखून ठेवली तर ती फुकटात मिळेल; नंतर मागितली तर मिळणार नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना हा दिल्लीचा प्रश्न वाटू नये. जुहूवर जन्मलेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबला प्रशिक्षणासाठी धुळ्याला जावे लागले. पुण्याच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्राभोवतीचा परिसर हवाई क्रीडांचे नियंत्रण क्षेत्र म्हणून राखता येईल, असे २०२२ च्या धोरणातच सुचवले आहे. आणि कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण तर बोलके आहे. त्यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते डोळे भरून पाहिले. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२० मध्ये. कौतुकाच्या गर्दीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत चार वर्षे लागली. ऑशकॉशसारख्या मेळाव्यांत अशा कारागिराला त्याच्यासारखेच शेकडो जण भेटतात. येथे तो एकटा होता.

एक आक्षेप रास्त आहे. हा श्रीमंतांचा छंद, त्यासाठी सरकारने का खपावे? माझे उत्तर असे की सरकारने पैसा देऊच नये. धावपट्टीचे भाडे, विमा, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचा खर्च आयोजकांकडून वसूल करावा. गावकऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून वेळ बांधून द्यावी. जमाव धावपट्टीपासून किती दूर राहील, हे आधी लिहून घ्यावे; कारण अशा कार्यक्रमातील खरी जोखीम आकाशापेक्षा गर्दीत असते. सरकारकडून हवी आहे ती फक्त निश्चितता. आणि लाभ केवळ श्रीमंतांचा नाही. विमान कंपन्यांना वैमानिक हवे आहेत, यंत्रज्ञ हवे आहेत आणि प्रशिक्षणासाठी आपली मुले लाखो रुपये घेऊन परदेशी जात आहेत. भिवानी किंवा धुळ्याच्या मुलाने विमान पहिल्यांदा जवळून पाहायचे कोठे?

करण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. पहिली, नोव्हेंबर ते मार्च या काळातील, धुक्याचे आणि राष्ट्रीय सोहळ्यांचे दिवस वगळून, ठरावीक रविवार आणि ठरावीक धावपट्ट्या महासंचालनालयाने वर्षारंभीच जाहीर कराव्यात. हवाई दलाची संमती त्या वेळापत्रकाला एकदाच घ्यावी. दुसरी, सहभागी वैमानिकांची पडताळणी वर्षातून एकदा व्हावी, प्रत्येक मेळाव्याला नव्हे. तिसरी, जिल्हाधिकाऱ्याला मुदत असावी. अर्जावर तीस दिवसांत कारणासह नकार आला नाही, तर होकार समजावा. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. त्याखालील नियमांत या तीन कलमांना जागा करणे अवघड नाही.

यांतील तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नकाराला निदान आव्हान देता येते. न दिलेल्या उत्तराला देता येत नाही. माझ्या त्या शेऱ्याखाली तीस दिवसांची मुदत असती, तर फेब्रुवारीतल्या त्या रविवारी शाळेच्या मुलांनी विमाने पाहिली असती.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)