विश्लेषण : जुनी होडी विकत घेताना काय तपासावे?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत. युको बँकेने २०११ मध्ये येथे शाखा उघडली, तीही कुलूप न लावता. गावाची ही ख्याती देशभर आहे. पण याच नेवासे तालुक्याच्या उत्तरेला प्रवरा गोदावरीला मिळते आणि जायकवाडीचे बॅकवॉटर पसरते. तिथल्या जुन्या होडीचा व्यवहार मात्र निव्वळ शब्दावर करण्यासारखा नाही. घराला दार नसले तर फार तर चोरी होईल. होडीच्या तळाला भेग असली, तर बसलेल्यांचा जीव जाईल.

हा विषय आता का महत्त्वाचा?

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांना प्राण गमवावे लागले. या दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत आणि दोष जुन्या होडीचा होता, असे कोणी म्हणत नाही. मात्र नदी-धरणाचे पाणी समुद्राइतके धोकादायक नसते, हा समज त्यांनी खोटा ठरवला. शांत दिवशी वर्षानुवर्षे चालणारी कमजोर होडी वाऱ्याच्या पहिल्याच तडाख्यात उघडी पडते.

तळ कसा तपासायचा?

होडी पाण्यात असताना सौदा करू नये. ती काठावर ओढून, उलटी करून पाहावी. उन्हाळ्यात पाणी ओसरलेले असते, तेव्हा हे सोपे जाते. जलाशयातील होडीचा तळ समुद्रातल्या होडीपेक्षा वेगळ्या कारणाने झिजतो. पाणी उतरले की धरणात गेलेल्या गावांचे चौथरे, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे वर येतात आणि तळ त्यांच्यावर घासतो.

फायबरची होडी असेल तर नाणे किंवा लहान लाकडी हातोडी घेऊन तळ आणि बाजू वीतभर अंतराने ठोकाव्यात. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो. जिथे तो बद्द येतो, तिथे फायबरचे थर सुटलेले किंवा आत पाणी मुरलेले असण्याची शक्यता असते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, फोड आणि एकाच ठिकाणी मारलेला ताजा रंग यांकडे विशेष लक्ष द्यावे. विकण्याच्या आदल्या आठवड्यात रंगवलेली होडी दिसायला छान असते, पण रंगाखाली काय आहे हे विचारलेच पाहिजे.

अनेक फायबर होड्यांच्या पोकळीत फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी, यासाठी तो असतो. फोमने पाणी शोषले तर होडी जड होते आणि हे संरक्षण उरत नाही. त्याच मापाच्या दुसऱ्या होडीपेक्षा ही उचलायला बरीच जड वाटली, तर तिथेच थांबावे.

लाकडी होडीत फळ्यांचे सांधे आणि पाण्याच्या रेषेजवळचा भाग टोच्याने टोचून पाहावा. टोच्या सहज आत गेला, तर लाकूड कुजले आहे. लोखंडी होडीत गंजाचे पापुद्रे खरवडून पत्रा किती उरला आहे ते पाहावे. वेल्डिंगची ठिगळे मोजावीत.

इंजिनाचे काय?

मागच्या बाजूला टांगलेले इंजिन असेल, तर आधी ते ज्या फळीवर बसते ती फळी पाहावी. इंजिन वर-खाली हलवताना फळी लवत असेल किंवा बोल्टभोवती भेगा असतील, तर दुरुस्ती महागात पडते.

खरेदीदार येण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर ते पूर्ण थंड होऊ द्यावे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, यावरून बरेच कळते. सुरू झाल्यावर थंडाव्यासाठी खेचलेल्या पाण्याची धार बाहेर पडते का, ते पाहावे. धार नसेल तर इंजिन काही मिनिटांत तापेल. गिअरचे तेल दुधासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पंख्याचा दांडा हाताने हलवून खेळ पाहावा. ही तपासणी अर्थातच इंजिन बंद असताना करावी.

यानंतर चाचणी. ज्यांच्याकडे लाइफ जॅकेट आहे अशा दोघा-तिघांनीच, वारा नसताना, वर्दळीपासून दूर ती घ्यावी. वजनासाठी माणसे नव्हे, वाळूची पोती वापरावीत. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडकलेली नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवरच होती. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर होडीच्या तळाशी किती पाणी साचले, हे मोजले की गळतीचा हिशेब लागतो.

कोणती कागदपत्रे मागावीत?

देशात अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. इंजिनाच्या नौकांसाठी सर्वेक्षण प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा या तीन गोष्टी या कायद्याच्या केंद्रस्थानी आहेत. वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. राज्यात नौकांच्या नोंदणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

म्हणून विक्रेत्याकडे पुढील गोष्टी मागाव्यात :

- मूळ खरेदीची पावती
- नोंदणी व सर्वेक्षणाचे कागद, त्यावरील इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्ष क्रमांक यांचा मेळ
- चालू विमा
- होडीवर कर्ज नसल्याचा दाखला
- मच्छीमार सहकारी संस्थेची होडी असल्यास संस्थेचा ठराव
- किती माणसे बसवायची परवानगी आहे, त्याची नोंद

सरकारी योजनेच्या अनुदानातून घेतलेली होडी असेल, तर ती विकण्यावर अटी आहेत का, हे मत्स्यव्यवसाय विभागात विचारून घ्यावे. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे तिथे होडी चालवण्यापूर्वी वन विभाग आणि जलसंपदा विभागाकडे चौकशी आवश्यक ठरते. होडी उत्तम असूनही ती चालवण्याची मुभाच नसेल, तर पैसे पाण्यात गेले म्हणायचे.

स्वस्त होडी खरेच स्वस्त असते का?

विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत दुरुस्ती, लाइफ जॅकेट, विमा आणि नोंदणी यांचा खर्च मिळवावा, मगच नव्या होडीशी तुलना करावी. होडीसोबत मिळणारी जुनी जॅकेटेही तपासावीत. शिवण उसवलेली, पट्टे तुटलेली किंवा उन्हाने कडक झालेली जॅकेटे फक्त मोजणीला उपयोगी पडतात, बुडणाऱ्याला नाही.

जबाबदारी कोणाची?

पहिली जबाबदारी खरेदीदाराची, कारण त्याच्या होडीत उद्या शेतमजूर, शाळकरी मुले, पर्यटक बसणार आहेत. त्यांना तळ ठोकून पाहण्याची संधी मिळत नाही. पण सगळा भार त्याच्यावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. दुचाकीचा मालक बदलला की त्याची नोंद होते. धरणातल्या होडीचा मालक बदलला, तर तेही कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. जलाशयाकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या होड्यांची यादी ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी तालुका पातळीवर एकदा तपासणी शिबिर घ्यावे. कायद्यात जागा आहे, खर्चही फार नाही.

शिंगणापूरच्या विश्वासाला तोड नाही. होडीच्या बाबतीत मात्र विश्वास माणसावर ठेवावा आणि तळ स्वतः ठोकून पाहावा.