विहीर मालकाची, पाणी कुणाचे?

ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी, हा समज महाराष्ट्रात इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, खरेदीखतात विहिरीतला हिस्सा आण्यांत लिहिला जातो, भावाभावांच्या वाटणीत उपशाच्या पाळ्या ठरतात. या समजाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे पोकळही नाही. कालव्याचे पाणी राज्याच्या थोड्याच रानापर्यंत पोचले. उरलेल्या मुलखात शेतकऱ्याने कर्ज काढून, सुरुंग लावून, प्रसंगी घरातले दागिने मोडून विहीर पाडली आणि स्वतःच्या हिमतीवर मळा उभा केला. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे आणि त्या उपशामागे मुख्यतः असाच खाजगी पैसा आहे. ज्याने खड्डा खणला त्याचा खड्ड्यावर हक्क, यात वाद नाही. वाद आहे तो त्या खड्ड्यात येणाऱ्या पाण्याचा.

पाण्यावरचा हा हक्क इथल्या रूढीतून जसाच्या तसा आलेला नाही. १८४३ मध्ये इंग्लंडात ‘अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल’ हा खटला निकाली निघाला. लँकेशायरमधल्या एका गिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळसा खाणीमुळे आटली होती. न्यायालयाने कौल दिला तो खाणवाल्याला. त्यामागचे एक कारण असे की, जमिनीखालचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कुणालाच दिसत नाही, तेव्हा वाहत्या नदीचे नियम त्याला लावता येत नाहीत. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात उतरले आणि १८९१ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. म्हणजे ज्या मालकीचा एवढा अभिमान धरला जातो, तिचा पाया ‘आम्हाला ठाऊक नाही’ या कबुलीवर रचलेला आहे. खटल्यानंतर तेराच वर्षांनी, १८५६ मध्ये, फ्रान्समधला अभियंता आंरी दार्सी याने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम प्रयोगाने मांडला. शास्त्रापुरते भूजलाचे गूढ तेव्हाच उकलू लागले. कायद्याला मात्र ते कळायला शतकाहून अधिक काळ लागला.

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा खडक. याची रचना पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात एखादी जुनी, न बांधलेली विहीर काठावरून निरखली तरी पुरते. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली ठिसूळ मुरूम, मग जांभळट, भोकाभोकांचा, मधूनमधून पांढरे खडे अडकलेला मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. ओल दिसते ती मुरमाच्या तळाशी आणि मांजऱ्याच्या अंगावर. पाषाण कोरडाठाक असतो. त्यात एखादी चीर असली तरच तिथून धार गळते. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या गेरूची पट्टी लागते, आणि बहुधा ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. या खडकाच्या पोकळीत पाणी मावते तेही थोडकेच, बहुतेक ठिकाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्के. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळात त्याच्या कितीतरी पट साठते.

हा पाणीधारक थर सातबारा पाहून थांबत नाही. एकाच मांजऱ्यावर एका शिवारातल्या दहा-वीस विहिरी बसलेल्या असतात. त्यातल्या एकीत आडवी बोअरे मारून साडेसात अश्वशक्तीचा पंप जोडला की बाकीच्यांची पातळी उतरते. शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याचे नशीब, असे म्हणण्याची सोय कायदा देतो. भूशास्त्र देत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: खाली पाणी आहेच, फक्त खोल जायला हवे. पाणाड्या नारळ हातावर ठेवून जागा दाखवतो, बोअरची गाडी येते, दोनशे फुटांवर फुफाटाच उडत राहिला तरी मालक ‘अजून शंभर’ म्हणतो. कधी पाचशे-सहाशे फुटांवर दोन इंच पाणी लागते आणि सगळे गाव ते बघायला जमते. पण खोल थराला वेगळा पाऊस पडत नाही. तिथले पाणी एकतर फार सावकाश साठलेले असते, किंवा वरच्या थरातूनच भेगांवाटे उतरलेले असते. पहिले एकदा उपसले की भरून यायला कित्येक वर्षे लागतात. दुसरे तर शेजाऱ्याच्या विहिरीतलेच. याहून वाईट असे की, केसिंग नीट न बसवलेले बोअर मधला घट्ट थर भेदते आणि वरच्या थराचे पाणी त्याच भोकातून खाली गळू लागते. मग कुणी थेंब उपसला नाही तरी आसपासच्या उथळ विहिरी कोरड्या पडतात. खोल पाण्यात खडकातले क्षारही जास्त काळ विरघळत राहतात. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे.

पाऊसच कमी, त्याला कोण काय करणार, हा दुसरा बचाव. २०१४ आणि २०१५ ही सलग तुटीची वर्षे होती आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे खरे. पण लातूरची सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर आहे आणि पाण्याचा ताळेबंद मांडून चालणाऱ्या, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची त्याहून बरीच कमी. नुसता पाऊस मोजून टंचाईचे गणित सुटत नाही. खर्चाची बाजूही मांडावी लागते. सोलापूरकडचा साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला ढोबळमानाने दहा टक्के खडकात मुरतो असे मानले, तर दरसाल भर पडते ती पंचावन्न मिलिमीटरची. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यातले चारशे पावसाने भागवले तरी सोळाशे विहिरीतून काढायचे. म्हणजे एक एकर ऊस साधारण तीस एकरांवर मुरलेले पाणी पितो. सरीतून थोडे परत झिरपते, ते वजा केले तरी वीस एकर होतात. बाकीचे एकोणीस एकर ज्यांचे आहेत त्यांना यात कुणी विचारलेले नसते.

पाणी अडवा, पाणी जिरवा हा तिसरा तोडगा खोटा नाही, अपुरा आहे. शिरपूरकडे नाले खोल करून पाणी मुरवण्याचे काम गाजले, कारण तापीकाठच्या गाळाच्या थराला पाणी घेण्याची ताकद आहे. तेच काम कातळाच्या मुलखात नकलून काढले तर नुसता चर उरतो. डिसेंबर २०१४ पासून राबवलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका कॅगने २०२० मध्ये ठेवला. त्यात नवल नाही. जमा वाढवली आणि खर्चाला लगाम घातला नाही, तर वाढलेली जमा आधी ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे जाते. शेततळ्याची गत तर उलटीच झाली. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी असलेले तळे प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरले जाते. तीस मीटर लांबी-रुंदीच्या, तीन मीटर खोल तळ्यात वीस-बावीस लाख लिटर पाणी मावते. जानेवारी ते मे या काळात त्यावरून सुमारे मीटरभर थर उन्हाने उडून जातो, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि त्याला संधारण म्हणायचे, हा प्रकार अनुदानावर चालतो.

मग पाणी सामायिक मानावे काय? त्यावर गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९६८ च्या निबंधाचा दाखला दिला जातो: जे सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, म्हणून ते नासते; तेव्हा एकतर मालकी द्या, नाहीतर सरकारचा बडगा. या मांडणीला खोडून काढणारी एलिनॉर ऑस्ट्रॉम हिने संशोधनाची सुरुवातच लॉस एंजेलिसजवळच्या भूजलापासून केली होती. तिथे अति उपशाने समुद्राचे खारे पाणी आत शिरत होते. उपसणाऱ्यांनीच एकत्र बसून प्रत्येकाचा उपसा ठरवून घेतला. सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी तिला २००९ मध्ये नोबेल मिळाले.

दाखला इतक्या लांबचा कशाला? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा, आणि उसाला बंदी. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढता येतो, हे इथे कागदावर नव्हे, पाटात दिसले. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअरला आणि ऊस-केळीला मनाई केली. पावसाळा सरला की गावातल्या पर्जन्यमापकाचे आकडे घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बी ठरवायची, अशी तिथली रीत आहे.

नियम आले की साहेबाचे हात ओले करावे लागतील आणि मरेल तो लहान शेतकरी, ही भीती अनाठायी नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली, आणि ती बहुतेक गावांत कागदावरच राहिली. पण आजच्या मोकळीकीत लहान शेतकरी सुखी आहे, हे गृहीत धरणे चूक. खोल जाण्याच्या शर्यतीत तोच आधी बाद होतो: त्याची विहीर उथळ, पंप लहान, तिसऱ्या बोअरला पैसा नाही. वीजमाफीचा लाभही, विहीर असेल तरच. गावाने एकमताने घेतलेला पीकनिर्णय हा साहेबाच्या परवान्यापेक्षा स्वस्त आणि कडक असतो, कारण चोरी करणाऱ्याचा पंप सगळ्यांना ऐकू येतो.

गावकीची रीत सगळीकडे पुरत नाही, हेही मान्य करावे लागते. हिवरे बाजारला डोंगरांनी वेढलेले बरेचसे स्वतःचे पाणलोट मिळाले. जिथे एकच थर पाच गावांखाली पसरलेला आहे, तिथे एका ग्रामसभेने उपसा कमी केला तर फायदा शेजारच्या गावाचा होतो आणि पुढच्या वर्षी नियम मोडतो. २०१४ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटर व त्याहून खोल विहिरींवर बंधने आहेत आणि पाणलोटाच्या पातळीवर समितीची तरतूदही आहे. पाच गावांचा ताळेबंद एकत्र मांडायचा तो त्या समितीने. त्यासाठी तिला निरीक्षण विहिरींच्या नोंदी, पंपांची यादी आणि कुणाच्या रानात काय उभे आहे याची माहिती हाताशी लागते.