दुर्बीण स्थिर कोण ठेवतं?

दुर्बिणीचा विषय निघाला की आपण आरसा केवढा आणि किती लांबचं दिसतं, एवढंच विचारतो. हलत्या जागेवर ती स्थिर कशी राहते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. मला वाटतं, मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मुलांना आधी हाच प्रश्न सांगायला हवा.

उदाहरण जवळचंच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण तयार केली आणि 1980च्या दशकापासून ती फुग्याखाली लटकवून आकाशात पाठवली. संस्थेचं फुगा केंद्र हैदराबादला 1969 पासून आहे. जिथे नवे तारे जन्मतात तिथली थंड धूळ दूर-अवरक्त किरण सोडते. हे किरण आपल्या हवेतलं बाष्प शोषून घेतं, म्हणून 30 किलोमीटरच्याही वर जावं लागतं. पुढे याच दुर्बिणीला जपानी शास्त्रज्ञांचं उपकरण जोडून आकाशगंगेतल्या कार्बनचा अभ्यास झाला.

पण वर गेल्यावर खरी पंचाईत सुरू होते. फुगा स्वतःभोवती सावकाश फिरतो, खालचा पाळणा लोलकासारखा झुलतो, आणि टेकू द्यायला जमीन नाही. फिरत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसा आणि हात झटकन एका बाजूला वळवा, खुर्ची उलट बाजूला वळेल. दुर्बीण वळवण्याची युक्ती हीच आहे. मोटार एक जड चाक फिरवते, तेव्हा पाळणा उलट दिशेला वळतो. जायरोस्कोप बारीक हालचाल लगेच पकडतो, पण हळूहळू तोही चुकत जातो. मग एक कॅमेरा ओळखीच्या ताऱ्यावर नजर ठेवतो आणि ती चूक दुरुस्त करत राहतो. पूर्ण चंद्राच्या रुंदीचे तीस भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक कला. नेम साधारण तेवढा अचूक लागला, तरच घेतलेल्या मोजमापाला अर्थ राहतो.

2023 मध्ये न्यूझीलंडच्या वानाकाहून उडालेल्या सुपरबिट या दुर्बिणीचा आरसा फक्त अर्ध्या मीटरचा होता, पण नेम एका कलेच्या साठाव्या भागाहूनही बारीक होता. छोट्या आरशाने इतकी सुस्पष्ट चित्रं दिली, त्यात या स्थिरतेचा मोठा वाटा आहे.

ही स्थिरता येते कुठून? समीकरणातून येते, आणि तितकीच बेअरिंगमधून, तोल साधलेल्या चाकातून, नीट झाळलेल्या तारेतून. म्हणजे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनच्या हातातून. आणि आपण काय करतो? दहावीचा निकाल लागला की आयटीआयला जाणाऱ्या मुलाची समजूत काढतो, जणू त्याचं काही हरवलं आहे. वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहणारा बाप आपलं काम मुलाला विज्ञान म्हणून सांगत नाही, कारण आपण शिक्षकांनीच त्याला कधी तसं म्हटलेलं नाही. मुलगा हुशार असो वा नसो, हे वाक्य त्याला दहावीच्या आधी ऐकू यायला हवं: तुझ्या अब्बांच्या हातात जे कसब आहे, त्याच कसबावर दुर्बीण तारा धरून ठेवते.

यासाठी नवा निधी लागत नाही. नववीचा एक तास विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. एकाने फिरती खुर्ची आणावी. दुसऱ्याने सांगावं की आपली रोहिणी म्हणजे इंग्रजीतला अल्डेबरान, आणि ते नाव अरबी 'अद-दबरान'वरून, म्हणजे मागून येणारा. तिसऱ्या खुर्चीवर लेथ चालवणाऱ्या एका पालकाला बसवावं आणि चाकाचा तोल कसा साधतात, हे त्यांनाच शिकवू द्यावं.