ब्रेक म्हणजे भित्रेपणा नव्हे

फ्रीव्हील नसलेली ‘फिक्स’ सायकल घरीच जुळवावी, ही हौस आपल्या काही विद्यार्थिमित्रांत दिसते. अशा सायकलीचे चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहते. या हौसेचे मला कौतुक आहे. हात काळे झाल्याखेरीज यंत्र कळत नाही. मात्र सुटे भाग निवडताना नजर रस्त्यावर हवी, रुबाबावर नको.

जुन्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून भागवणे मला मुळीच मान्य नाही. पायांनी मागे जोर देऊन वेग रोखू लागताच ते चक्र आट्यांवरून सुटू लागते. खऱ्या फिक्स हबवर चक्राबाहेर उलट्या आट्यांची कडी बसते. सुटू पाहणाऱ्या चक्राला ती अडवते. दोन्ही चक्रे एका रेषेत हवीत आणि चेन सैल नको.

दात्यांचा हिशेबही करावा. पुढे 44, मागे 18 दाते आणि 28 इंची चाक असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे 20 दाते घेतल्यास हे अंतर पाच मीटरांच्या आत येते व पेडण्यातील मालप्याची चढण सुसह्य होते. पण उतरताना तेच पाय अधिक भराभर फिरतात!

म्हणून पुढचा ब्रेक हवाच. ब्रेक लावणाऱ्याला भित्रा म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे: डिचोलीच्या उतारावर समोर ट्रक असताना चेन उतरली, तर पाय काय करणार?